गप्प नेमकं कोण बसलंय?

"बोर्ड डिटेक्टच होत नाहीये." कॉलेजच्या लॅबमध्ये, हॉस्टेलच्या खोलीत, कंपनीच्या टेस्ट बेंचवर, सगळीकडे ही तक्रार याच शब्दांत येते. ती करणाऱ्यानं बोर्ड म्हणजे एकच एक वस्तू आहे असं धरलेलं असतं. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा (पुढे नुसतं एसटी) न्यूक्लिओ-६४ हा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकाचा, बोर्ड समोर ठेवा. यूएसबीचा सॉकेट असलेला वरचा छोटा तुकडा आणि खालचा मोठा भाग यांच्यामध्ये खाचा पाडलेल्या दिसतील. हवं तर वरचा तुकडा मोडून वेगळा करता येतो. त्या तुकड्यावर एसटीएम३२एफ१०३ ही ४८ पायांची चिप असते आणि तिच्या पोटात एसटी-लिंक/व्ही२-१ चं फर्मवेअर, म्हणजे चिपचा स्वतःचा प्रोग्रॅम, असतं. संगणक आणि मुख्य चिप यांच्यातला दुभाषा असलेल्या या तुकड्यालाच पुढे एसटी-लिंक म्हटलंय. खालच्या भागावर एफ४०१, एफ४४६ यांसारखी मुख्य चिप, जिच्यात आपला प्रोग्रॅम जातो. एकाच पाटीवर दोन स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर, आणि डीबगिंगपुरतं, म्हणजे प्रोग्रॅम टाकण्या-तपासण्यापुरतं, त्यांचं बोलणं चालतं ते मुख्यतः एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि रीसेट या तारांवरून.

त्यामुळे काहीही करण्याआधी ठरवायचं ते एवढंच, की गप्प कोण बसलंय. संगणक आणि एसटी-लिंक यांचं बोलणं तुटलं असेल तर कारणं केबल, पोर्ट, वीजपुरवठा, ड्रायव्हर, परवानगी यांत शोधायची. एसटी-लिंक आणि मुख्य चिप यांचं तुटलं असेल तर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी), रीसेट, पिनांची चुकलेली मांडणी, स्लीप मोड यांत. या दोन याद्यांत सामाईक जवळपास काहीच नाही. तरीही ड्रायव्हर तीनदा काढून घातलेला असतो आणि दोष असतो प्रोग्रॅममधल्या एका ओळीत. किंवा बोर्ड "उडाला" म्हणून बाजूला टाकलेला असतो आणि दोष असतो मोबाइल चार्जरसोबत आलेल्या केबलचा. सॉफ्टवेअर खरं तर हा फरक सांगत असतं. क्यूब-आयडीई हे एसटीचं प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन "नो एसटी-लिंक डिटेक्टेड" म्हणतं तेव्हा वरचा तुकडा हरवलेला असतो. "नो एसटीएम३२ टार्गेट फाउंड" म्हणतं तेव्हा वरचा तुकडा ठणठणीत आहे आणि खालून उत्तर येत नाहीये. दोन्ही संदेश सारख्याच चौकटीत येतात, आणि बहुतेक जण पहिल्या दोन शब्दांनंतर ओके दाबून मोकळे होतात.

सॉफ्टवेअरच्याही आधी दिवे पाहावेत. न्यूक्लिओ-६४ वर ते तीन आहेत. एलडी १ हा एसटी-लिंकचा, लाल आणि हिरवा अशा दोन रंगांचा (दोन्ही एकदम लागले की नारिंगी). एलडी २ हा आपल्या प्रोग्रॅमच्या ताब्यातला हिरवा. एलडी ३ हा लाल, वीजपुरवठ्याचा. एलडी १ सावकाश लाल लुकलुकत असेल तर वीज आली आहे पण यूएसबीवर संगणकाशी ओळख झालेली नाही. तोच जलद लुकलुकू लागला की पहिली विचारपूस झाली. स्थिर लाल म्हणजे संगणक आणि एसटी-लिंक यांचं जुळलं. हिरवा झाला म्हणजे मुख्य चिपशीही बोलणं झालं, आणि नारिंगी म्हणजे ते बोलणं फसलं. स्थिर लाल दिवा दिसत असताना केबल बदलत बसण्यात अर्थ नाही, आणि सावकाश लुकलुकता दिवा दिसत असताना प्रोग्रॅमवर संशय घेण्यात अर्थ नाही.

एलडी ३ ची गंमत वेगळी आहे. वीजपुरवठ्याचा दिवा विझलेला पाहून बोर्ड मेला असं वाटणं साहजिक आहे, पण या बोर्डावर मुख्य चिपची वीज थेट यूएसबीवरून येत नाही. केबल लावली की आधी फक्त एसटी-लिंकला वीज मिळते. तो संगणकाकडे ३०० मिलीअँपिअर मागतो, संगणकानं मागणी मान्य केली आणि ओळख पुरी झाली की मगच एसटी-लिंक एक ट्रान्झिस्टर चालू करतो आणि खालच्या भागात वीज सोडतो. एलडी ३ तेव्हा लागतो. आता दोनच तारांची, फक्त चार्जिंगची केबल लावली तर काय होईल? ५ व्होल्ट येतात, एसटी-लिंक जागा होतो, एलडी १ सावकाश लुकलुकत राहतो, ओळख कधीच होत नाही, म्हणून एलडी ३ कायम अंधारात. मोबाइलच्या चार्जरला लावलं तरी हेच चित्र. चार्जर काही विचारणाऱ्यातला नाही. एसटी-लिंक त्याची वाट पाहत बसतो. चार्जरवरच बोर्ड चालवायचा असेल तर जेपी १ चा जंपर बसवायचा, म्हणजे ओळख न होताच वीज खाली जाते. तो बसवल्यावर संगणकाकडची मागणीही १०० मिलीअँपिअरवर उतरते, त्यामुळे शिल्ड (बोर्डावर बसवायचा जोडबोर्ड) वगैरे लावून काम करायचं असेल तर तो काढायला विसरू नये.

विझलेला एलडी ३ आणि सावकाश लुकलुकणारा एलडी १, ही जोडी दिसली की दहातले बरेचसे बोर्ड केबल बदलून सुधारतात. मिनी-बी जातीची चालू केबल हल्ली घरात सहज सापडत नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची, जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्कची मिळाली तर उत्तम, कारण त्या डेटासाठीच बनलेल्या असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत घ्यायला गेलात तर "डेटा केबल" असं तोंडानं स्पष्ट मागा, आणि जमलं तर बोर्ड खिशात ठेवून दुकानातच एखाद्या लॅपटॉपला लावून पाहा. घरी मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर तपासता येतं: मोठ्या ए प्लगमध्ये चार पट्ट्या, कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या. लहान टोकाच्या पिनांवर प्रोब नीट बसत नाही, तिथे बारीक सुई किंवा रेझिस्टरचा पाय वापरावा. मिनी-बीला पाच पिना असतात. चौथी या कामात रिकामी आणि पाचवी ग्राउंडची, म्हणजे ए प्लगची चौथी पट्टी मिनीच्या पाचव्या पिनेशी जुळायला हवी. हे लक्षात न ठेवल्यानं चांगल्या केबलीही नापास होतात.

डेटा तारा असूनही केबल वाईट असू शकते. बारीक तारेच्या, दोन मीटर लांब केबलचा येण्याजाण्याचा मिळून रोध १ ओहम धरला तर ३०० मिलीअँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच गळतात. पोर्ट ५ च्या ऐवजी ४.८ व्होल्ट देत असेल तर बोर्डापाशी उरतात ४.५. एवढ्यावरही काम चालतं, पण शिल्डवरच्या मोटरनं किंवा वायफाय मॉड्यूलनं अचानक ओढ घेतली की एसटी-लिंकसकट सगळंच कोलमडतं आणि यूएसबी निघून पुन्हा जोडल्याचा आवाज येतो. अशा बोर्डाला बाहेरून वीज द्यावी, पण क्रम पाळावा: जेपी ५ चा जंपर यू५व्ही वरून ई५व्ही कडे, जेपी १ काढलेला, मग बाहेरची वीज सुरू (ई५व्ही ला ५ व्होल्ट किंवा व्हीआयएन ला ७ ते १२), एलडी ३ लागल्याची खात्री, आणि त्यानंतर यूएसबी. उलट्या क्रमानं केलं तर सगळा भार आधी संगणकाच्या पोर्टवर येतो, आणि त्याला ३०० ची मागणी झेपली नाही तर ओळखच फसते.

आता संगणक काय ऐकतोय ते पाहू. लिनक्सवर टर्मिनलमध्ये कर्नलचे संदेश चालते ठेवावेत, म्हणजे डीमेसेजला डब्ल्यूचा पर्याय देऊन, आणि मग केबल लावावी. तीन शक्यता. एक, एकही ओळ उमटत नाही. दोन, ओळी येतात पण त्रुटीच्या. तीन, ओळख पटते, आणि एलएसयूएसबीच्या यादीत ०४८३:३७४बी दिसतं. ०४८३ हा एसटीचा क्रमांक, ३७४बी हा व्ही२-१ चा. एसटीच्याच जुन्या डिस्कव्हरी बोर्डावरचा साधा व्ही२ असेल तर ३७४८. विंडोजवर हेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या गुणधर्मांतल्या हार्डवेअर आयडीत वाचता येतं. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या यूएसबीच्या पानावर.

एकही ओळ न उमटणं याला अगदी नेमका विद्युत अर्थ आहे. फुल-स्पीड यूएसबी उपकरण आपलं अस्तित्व सांगतं ते डी प्लस ही तार १.५ किलोओहमच्या रेझिस्टरनं ३.३ व्होल्टकडे ओढून. संगणकाच्या बाजूला तीच तार १५ किलोओहमनं जमिनीकडे ओढलेली असते. दोन्ही जोडले की विभागणीचा हिशेब सुमारे ३ व्होल्टचा येतो, आणि ते ३ व्होल्ट दिसले की संगणकाला कळतं की कुणीतरी आलंय. ओळ उमटली नाही याचा अर्थ संगणकाला ही ओढ दिसलीच नाही: तार तुटलेली, सॉकेटची पिन पॅडवरून उचललेली, किंवा एफ१०३ मधलं फर्मवेअर ती ओढ चालू करण्यापर्यंत पोचलेलंच नाही.

मल्टिमीटर असेल तर पुढचं पाऊल कठीण नाही. एफ१०३ च्या ४८ पायांच्या पॅकेजमध्ये ४७ ग्राउंड आणि ४८ व्हीडीडी (चिपच्या विजेचा पाय) शेजारीशेजारी आहेत. तिथे ३.३ व्होल्ट मिळाले नाहीत तर रेग्युलेटर किंवा त्याच्याआधीचा मार्ग गेलेला. मोजताना प्रोब घसरून हे दोन पाय जोडले जाऊ नयेत, म्हणून मी जवळच्या कपॅसिटरच्या टोकांवर मोजणं पसंत करतो. ३.३ आहेत, तर ३३ क्रमांकाचा पाय डी प्लस आणि ३२ डी मायनस. ३३ वर सुमारे ३ व्होल्ट किंवा अधिक आणि तरीही संगणक गप्प असेल तर चिप बोलतेय आणि वाट तुटली आहे, संशय सॉकेटवर. ३३ वर काहीच नसेल तर चिपच उठलेली नाही.

चिप न उठण्याचं एक दुर्लक्षित कारण म्हणजे शेजारचं ८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. एफ१०३ त्याला ९ नं गुणून ७२ मेगाहर्ट्झ करते, आणि त्याला दीडनं भागून यूएसबीसाठी लागणारे ४८ मेगाहर्ट्झ मिळवते. फुल-स्पीड यूएसबीला घड्याळात ०.२५ टक्क्याहून जास्त चूक चालत नाही. चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर एवढा काटेकोर नसतो. टेबलावरून पडलेला बोर्ड बाहेरून अगदी धडधाकट दिसतो आणि आत क्रिस्टलला तडा गेलेला असू शकतो. ऑसिलोस्कोप असेल तर पाय ५ आणि ६ वर पाहा, नसेल तर क्रिस्टल बदलून पाहणं हाच स्वस्त प्रयोग. तेच ८ मेगाहर्ट्झ एसटी-लिंककडून मुख्य चिपला घड्याळ म्हणूनही दिले जातात, त्यामुळे ते थांबलं की मुख्य चिपमधला बाहेरच्या घड्याळावर विसंबलेला प्रोग्रॅमही अडकतो आणि दुखणं दोन ठिकाणी असल्याचा भास होतो.

दुसरी शक्यता, त्रुटीच्या ओळी. लिनक्सवर "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड" आणि पुढे वजा ७१ दिसलं तर संकेत बिघडून पोचतायत: वाईट केबल, हलणारा सॉकेट, एक्स्टेन्शन, मधला हब. वजा ११० म्हणजे प्रश्न विचारला आणि मुदतीत उत्तर आलं नाही. विंडोज या सगळ्यांना एकाच माळेत ओवून कोड ४३ दाखवतं आणि उपकरणाच्या नावाच्या जागी अनोळखी उपकरण, क्रमांक शून्य. या अवस्थेत ड्रायव्हर टाकून काहीही होत नाही, कारण कोणता ड्रायव्हर टाकायचा हे कळण्याआधीच संभाषण तुटलेलं आहे. दुसरी केबल, संगणकाच्या मागच्या बाजूचा थेट पोर्ट, मध्ये साधा यूएसबी २ चा हब, असा क्रम धरावा. मिनी-बी सॉकेटला बोटानं हलका दाब दिल्यावर ओळख पटत असेल तर पाच पिना फ्लक्स लावून बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं पुन्हा गरम कराव्यात. बाजूच्या कवचाचे पाय आधी पक्के करावेत, नाहीतर पिनांवरचा ताण तसाच राहतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

तिसरी शक्यता, क्रमांक दिसतो आणि तरीही आयडीईला एसटी-लिंक सापडत नाही. इथे हार्डवेअरला हात लावायचा नाही. व्ही२-१ एकाच तारेवर तीन रूपांत येतो: डीबगचं उपकरण, व्हर्च्युअल कॉम पोर्ट आणि पेन ड्राइव्हसारखी एक छोटी ड्राइव्ह. विंडोज १० ला शेवटची दोन आपोआप समजतात. डीबगसाठी एसटीचा ड्रायव्हर लागतो. म्हणून ड्राइव्ह उघडते, पण डीबगपुढे पिवळं चिन्ह आणि कोड २८, हे चित्र दिसलं की फक्त ड्रायव्हर टाकायचा. ओपनओसीडी हे डीबगिंगचं मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे बरेचदा झाडिग नावाच्या साधनानं विनयूएसबी ड्रायव्हर बसवतात आणि घाईत तो डीबगच्या इंटरफेसऐवजी संपूर्ण उपकरणावर बसवतात. मग कॉम पोर्ट आणि ड्राइव्ह दोन्ही गायब होतात. डिव्हाइस मॅनेजरमधून ते उपकरण ड्रायव्हरसकट काढून पुन्हा जोडलं की मूळ स्थिती येते.

लिनक्सवर ड्रायव्हरचा प्रश्न नसतो, परवानगीचा असतो. सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकारानं, चालतं आणि न लावता चालत नाही, हा त्याचा पुरावा. ओपनओसीडी किंवा एसटीच्या साधनांसोबत येणारी युडेव्हच्या (लिनक्सचा उपकरणं सांभाळणारा भाग) नियमांची फाइल तिच्या जागी ठेवावी, युडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगावं आणि केबल काढून परत लावावी. नियम उपकरण जोडताना लागू होतात. आधीपासून लावलेल्या बोर्डावर परिणाम दिसला नाही म्हणून फाइल चुकीची ठरवू नये. रोज सुडोनं काम भागवणं हा उपाय नव्हे, त्यानं प्रोजेक्टमधल्या फायली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि दुसरंच दुखणं सुरू होतं.

आभासी यंत्रांत काम करणाऱ्यांना आणखी एक सापळा. डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये, यूएसबी आपोआप पोचत नाही. विंडोजच्या बाजूनं यूएसबीआयपीडी वापरून बोर्ड आत सोडावा लागतो, आणि केबल एकदा निघाली की साधारणपणे पुन्हा सोडावा लागतो. एसटी-लिंकचं फर्मवेअर अपडेट करणं तर आभासी यंत्रातून टाळावंच. अपडेटच्या वेळी उपकरण स्वतःला काढून पुन्हा जोडतं, मधला दुवा तुटतो आणि काम अर्धवट राहतं. अर्धवट राहिलं तरी घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं. बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळा असल्यानं केबल काढून लावून अपडेट पुन्हा चालवता येतं. "एसटी-लिंक डीएफयू मोडमध्ये (फर्मवेअर घेण्याच्या अवस्थेत) नाही" असा संदेश आला तरी उत्तर तेच.

साधी पण छळणारी गोष्ट: मागच्या वेळी कोसळलेल्या डीबग सत्राचा जीडीबी सर्व्हर (डीबगर आणि एसटी-लिंक यांच्यामधला प्रोग्रॅम) अजून पार्श्वभूमीत चालू असतो आणि एसटी-लिंक त्याच्या ताब्यात असतो. टास्क मॅनेजरमध्ये पाहून तो बंद करा.

संगणकाच्या बाजूचं सगळं ठीक आहे याची सर्वांत सोपी खूण म्हणजे ती छोटी ड्राइव्ह. नोड-एफ४४६आरई अशा नावाची ड्राइव्ह उघडली तर केबल, पोर्ट, क्रिस्टल, एफ१०३ आणि तिचं फर्मवेअर सगळे एकदम पास. यापुढचा प्रश्न खालच्या चिपचा. आणि माझ्या मते खरी रंगत इथेच आहे, कारण इथले बहुतेक दोष आपणच लिहिलेल्या ओळींतून येतात.

आधी जंपर. सीएन २ वर दोन जंपर असतात. ते जागेवर असतील तर एसटी-लिंक याच बोर्डाच्या चिपशी बोलतो. काढले तर तो सीएन ४ मधून बाहेरच्या बोर्डाशी बोलण्यासाठी मोकळा. लॅबमध्ये कुणीतरी काढून नेलेले असतात. जेपी ६ हा विजेचा प्रवाह मोजण्यासाठीचा. तो नसेल तर मुख्य चिपला वीजच नाही, आणि एलडी ३ मात्र छान पेटलेला. कोकणपट्टीच्या दमट हवेत पडून राहिलेल्या बोर्डांवर जंपर असूनही संपर्क नसतो. काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, दोनचारदा घालून काढून बसवावेत.

जंपर ठीक असतील तर शेवटी टाकलेला प्रोग्रॅम आठवा. एसडब्ल्यूडीच्या दोन तारा, म्हणजे वर आलेल्या एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके, मुख्य चिपच्या पीए१३ आणि पीए१४ वर येतात, आणि त्या पिना साध्या कामालाही वापरता येतात. रजिस्टर (चिपचं वागणं ठरवणारे आतले कप्पे) थेट लिहून एलईडी लुकलुकवण्याच्या पहिल्याच धड्यात इथे घात होतो. एलडी २ पीए५ वर आहे. पीए५ आउटपुट करायला पोर्ट ए च्या मोडर रजिस्टरमध्ये (शून्यापासून मोजून) दहावा बिट १ करायचा असतो, म्हणून विद्यार्थी हेक्समध्ये ४०० ही संख्या थेट त्या रजिस्टरमध्ये टाकतो. एलईडी लागतो, शिक्षक खूश. पण रीसेटनंतर एफ४ मालिकेत त्या रजिस्टरची किंमत शून्य नसते, ए८०००००० असते. वरचे ते बिट म्हणजेच पीए१३, पीए१४ आणि पीए१५ डीबगच्या कामाला लावलेले. थेट ४०० लिहिल्यावर ते पुसले गेले, पिना साध्या इनपुट झाल्या, आणि डीबगर बाहेर. पुढच्या वेळी प्रोग्रॅम टाकायला गेलं की टार्गेट सापडत नाही. पीए५ चे दोन बिट आधी साफ करून मग दहावा बिट ऑर नं घालायचा, बाकीच्या पिनांना धक्का लावायचा नाही. पोर्ट सी वर हीच चूक केली तर काही बिघडत नाही, म्हणूनच ती सवय होऊन बसते.

एफ१ मालिकेत, म्हणजे ब्लू पिल वगैरे बोर्डांवर, सुरुवातीचा कोड तयार करून देणाऱ्या एसटीच्या क्यूब-एमएक्सनं हीच करामत आपल्या वतीनं करून ठेवलेली असते. सिस्टिमच्या पानावर डीबगच्या जागी "सिरियल वायर" निवडलं नाही तर तयार होणाऱ्या कोडमध्ये एसडब्ल्यूडी बंद करणारी ओळ येते. प्रोग्रॅम पहिल्यांदा बिनबोभाट जातो. दुसऱ्यांदा जात नाही. "चायनीज बोर्ड आहे, उडाला" असा निकाल देऊन फेकलेल्या कित्येक ब्लू पिल अशाच धडधाकट असणार.

तिसरा प्रकार झोपेचा. प्रोग्रॅम सुरू होताच चिपला स्टॉप किंवा स्टँडबायमध्ये पाठवत असेल तर डीबगर दार ठोठावतो तेव्हा आत कुणी जागं नसतं.

या तिन्हींवर इलाज एकच: प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधी चिपला गाठणं. क्यूब-प्रोग्रॅमर या एसटीच्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरण्याच्या साधनात मोड "अंडर रीसेट" निवडावा. एसटी-लिंक रीसेटची तार खाली ओढून धरतो. त्या अवस्थेतही एसटीएम३२ चं डीबग पोर्ट उत्तर देतं, आणि रीसेट सुटताच कोअर थांबेल अशी व्यवस्था करून मगच तार सोडली जाते. जोडलं गेलं की संपूर्ण चिप पुसून टाकावी. एसडब्ल्यूडीची वारंवारता ४००० किलोहर्ट्झवरून ४८० किंवा त्याहून खाली आणावी, विशेषतः बाहेरून लांब तारा जोडल्या असतील तर. लांब तारांवर "कधी सापडतो कधी नाही" हे लक्षण बहुधा वेगाचं असतं. स्वस्तातल्या बऱ्याच एसटी-लिंक नकलांवर रीसेटची तार प्रत्यक्षात जोडलेलीच नसते, तेव्हा हाच मोड निकामी ठरतो. अशा वेळी काळं रीसेट बटण हातानं दाबून धरायचं, कनेक्ट दाबायचं आणि लगेच बटण सोडायचं. वेळ जुळायला थोडी खटपट लागते.

तेही जमलं नाही तर "बूट ०" ही पिन व्हीडीडीला जोडणं. न्यूक्लिओ-६४ वर सीएन ७ च्या ५ आणि ७ क्रमांकाच्या पिनांवर, म्हणजे व्हीडीडी आणि बूट ० वर, जंपर लावायचा आणि रीसेट करायचं. चिप आपल्या प्रोग्रॅमऐवजी कारखान्यातच भरलेला बूटलोडर चालवते, आपला प्रोग्रॅम चालतच नाही, त्यामुळे पीए१३ आणि पीए१४ जागेवर असतात. जोडा, पुसा, जंपर काढा. जंपर लावताना डोळे उघडे हवेत: ५ च्या अगदी समोर ६ आहे आणि तिथे ई५व्ही, म्हणजे ५ व्होल्टची लाइन. जंपर आडवा बसला तर ३.३ व्होल्टच्या चिपवर ५ व्होल्ट.

एवढं करूनही चिप वाचू देत नसेल पण जोडू देत असेल, तर वाचन-संरक्षणाची पातळी १ लागलेली असू शकते. ती शून्यावर आणताना चिप आपोआप पुसली जाते, एवढीच किंमत. पातळी २ मात्र कायमची. तिथून डीबगसाठी परत येण्याचा रस्ता एसटीनं ठेवलेला नाही.

जुन्या किंवा दुसऱ्याच्या हातून आलेल्या बोर्डांबद्दल एक तपशील. सेगर कंपनीचं एक साधन न्यूक्लिओवरच्या एसटी-लिंकचं रूपांतर जे-लिंक या सेगरच्या डीबगरमध्ये करतं. तसं केलेला बोर्ड एसटीच्या सॉफ्टवेअरला अर्थातच दिसत नाही, ड्राइव्हही येत नाही, पण यूएसबीच्या यादीत १३६६ हा सेगरचा क्रमांक दिसतो. त्याच साधनात परत एसटी-लिंक करण्याचा पर्याय आहे. प्रयोगशाळेतल्या कपाटातला बोर्ड हातात घेताना क्रमांक वाचण्याची सवय यासाठीही कामी येते.

इतर बोर्डांवर दोन चिपांची ही विभागणी प्रत्येक वेळी असेलच असं नाही. ईएसपी३२-सी३ आणि एस३ मध्ये डीबगर मुख्य चिपच्या आतच आहे, क्रमांक ३०३ए:१००१. सी३ मध्ये १८-१९ आणि एस३ मध्ये १९-२० या पिना प्रोग्रॅमनं दुसऱ्या कामाला लावल्या की यूएसबीच नाहीसं होतं. तिथे गप्प बसणारा एकच. बूट बटण दाबून धरून रीसेट दिला की रॉममधला लोडर सुरू होतो आणि क्रमांक पुन्हा दिसतो. मायक्रोबिटवर मात्र न्यूक्लिओसारखीच वेगळी इंटरफेस चिप आहे. मायक्रोबिट नावाच्या ड्राइव्हऐवजी मेंटेनन्स नावाची दिसत असेल तर केबल लावताना रीसेट बटण दाबलं गेलंय. काढून, बटणाला हात न लावता परत लावा.

आणि एसटी-लिंकचा तुकडा खरोखरच गेला असेल तर? मुख्य चिप बहुधा शाबूत असते. दुसरा न्यूक्लिओ असेल तर त्याच्या सीएन २ चे जंपर काढून त्याचा सीएन ४ वापरावा: १ व्हीडीडी, २ एसडब्ल्यूसीएलके, ३ ग्राउंड, ४ एसडब्ल्यूडीआयओ, ५ रीसेट. रुग्ण बोर्डावर याच क्रमानं सीएन ७ च्या पिना ५, १५, ८, १३ आणि १४. रुग्णाच्या सीएन २ चे जंपरही काढावेत, नाहीतर मेलेली एफ१०३ त्या तारांना लोंबकळत राहते. वीज ई५व्ही वरून द्यावी, जेपी ५ त्या बाजूला, कारण एसटी-लिंक नसताना खालच्या भागाची वीज सोडणारा कुणी उरलेला नाही. दात्याच्या बाजूला रीसेटची तार त्याच्या स्वतःच्या चिपलाही जोडलेली असते. एसबी १२ हा सोल्डर-पूल काढला नाही तर दोन्ही चिप एकदम रीसेट होतात.

दुसरा न्यूक्लिओ नसेल तर ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर पुरतो. "बूट ०" वर सांगितल्याप्रमाणे व्हीडीडीला जोडा, अडॅप्टरचा टीएक्स बोर्डाच्या डी २ ला, आरएक्स डी ८ ला, ग्राउंड ग्राउंडला. या पीए१० आणि पीए९ पिना, आणि एफ४०१ व एफ४४६ दोघांचाही बूटलोडर तिथे ऐकतो. क्यूब-प्रोग्रॅमरमध्ये यूएआरटी (सिरियल जोडणी) निवडा, पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) इव्हन ठेवा. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये नेहमी ठेवतो ती "नो पॅरिटी" इथे चालत नाही, आणि पहिल्या प्रयत्नात उत्तर न येण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.